जोखमीची वेळ

रात्री जागणारी माणसं धाडसी असतात आणि पहाटे उठणारी जपून वागतात, असं संशोधक गेली काही वर्षं सांगतायत. कोल्हापुरात गंगावेशीतल्या तालमीच्या दारात पहाटे उभं राहून हे वाक्य मोठ्यानं म्हणायची माझी तरी छाती नाही. चार वाजलेले असतात. आत हौदातली लाल माती उकरून झालेली असते, तिच्यात मुरलेल्या तेला-ताकाचा वास दारापर्यंत येतो आणि नव्वद किलोचा एक गडी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गड्याची मान दाबून पट काढायच्या बेतात असतो. गुडघा जायचा, खांदा निखळायचा, मान धरायची, हे सगळं इथं उजाडायच्या आत होऊ शकतं आणि होतंही. जपून वागणाऱ्यांचं हे काम नव्हे.

तरी ते संशोधन झटकून टाकावं असंही नाही. माणसाची झोपा-उठायची नैसर्गिक वेळ ओळखणारी नावाजलेली प्रश्नावली हॉर्न आणि ऑस्टबर्ग या दोघांनी १९७६ मध्ये तयार केली. प्रश्न १९, तेही साधे. कुणाचं बंधन नसेल तर किती वाजता उठाल, उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात भूक कशी असते, डोक्याचं अवघड काम कधी कराल. उत्तरांवरून माणूस पहाटेचा, रात्रीचा की मधला हे ठरतं. बहुतेक जण मधलेच निघतात, पण त्याची बातमी होत नाही. पुढं २०१९ मध्ये जवळपास सात लाख माणसांच्या जनुकांचा अभ्यास झाला आणि पहाटे उठण्याशी संबंध असलेल्या ३५१ जागा त्यात सापडल्या. म्हणजे दहा वाजेपर्यंत लोळणाऱ्या पोराला वळण नाही म्हणून बापानं घर डोक्यावर घ्यावं, आणि त्या लोळण्यातला काही वाटा बापाकडूनच आलेला असावा, असंही घडू शकतं.

कोल्हापूरकरांच्या बाबतीत घड्याळही जरा फसवंच आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, कोल्हापूर पडतं ७४.२४ वर. त्यामुळं इथला सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं चालतो. जानेवारीत सात वाजून गेले तरी रंकाळ्यावर फिरणाऱ्यांना ऊन लागत नाही. अंबाबाईच्या काकड आरतीसाठी साडेचारला घराबाहेर पडणारी आजी सूर्याच्या हिशेबानं चारच्याही आधी पडलेली असते. आपण लवकर उठणारा कुणाला म्हणतो, याचं माप तिला लावलं तर आपल्यातले बरेच जण त्यात बसणार नाहीत.

आता जोखमीचं. ती मोजायची कशी? प्रयोगशाळेत माणसाला विचारतात, ठरावीक रक्कम मुकाट्यानं घेणार की छापा-काटा करून मोठी रक्कम किंवा काहीच नाही, यावर तयार होणार? नाहीतर यादी देतात आणि यातलं काय काय कराल ते सांगा म्हणतात. एल्के वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशीच एक यादी केली आणि पैशातली, तब्येतीची, खेळातली, चारचौघांतली आणि नीतीची जोखीम वेगवेगळी मोजली. एका ठिकाणी बेधडक असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी पाऊल उचलत नाही, हे त्यातून दिसतं. कोल्हापूरकराला हे सांगायला वेबरबाईंची गरज नव्हती. शिये फाट्यावर हेल्मेटशिवाय गाडी ताणणारा इथला भाऊ, एकरभर उसाऐवजी दुसरं काही लावून बघ म्हटलं की चार वर्षं विचार करतो.

या सगळ्या मोजमापात रात्रीची माणसं जोखमीकडं थोडी जास्त झुकलेली दिसतात. शिकागो विद्यापीठातल्या दारिओ माएस्त्रिपिएरी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यातला जास्त चर्चेतला. विद्यार्थ्यांच्या झोपेच्या वेळा, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आणि पैशाची जोखीम घ्यायची तयारी त्यांनी तपासली. पुरुषांत एकूणच जोखमीची तयारी जास्त होती. गंमत बायकांत होती. रात्री जागणाऱ्या बायका कॉर्टिसॉलमध्ये आणि जोखमीतही पुरुषांच्या जवळ जाणाऱ्या निघाल्या, पहाटे उठणाऱ्या बायका त्यांच्यापासून लांब. हे वाचताना मला सारखं वाटत होतं की असा अभ्यास आपल्या गल्लीत केला तर काय निघेल. इथं बाई पहाटेची की रात्रीची हे तिच्या जनुकांच्या आधी नळाला पाणी किती वाजता येतं यावर ठरतं. पाचला पाणी, सहाला गवळी, सातला पोरांचे डबे. तिचं स्वतःचं शरीरघड्याळ कधी वाजतं हे तिलाही कळायची सोय नसते.

अशा अभ्यासांत दुसरी एक मेख वयाची. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांनी २००४ मध्ये दाखवलं की पोरवयात झोपेची वेळ पुढं पुढं सरकत जाते, विशीच्या आसपास ती सगळ्यात उशिराची असते आणि तिथून पुन्हा मागं यायला लागते. विशीत माणूस जोखीमही सगळ्यात जास्त घेतो. तेव्हा रात्रीची माणसं धाडसी म्हणायचं की तरुण पोरं दोन्हीकडं पुढं असतात म्हणायचं, हे वेगळं काढावं लागतं. संशोधक ते काढतात, बातमीत ते गळतं.

आणि इथं तालमीचं नवल वाटतं. पंधरा ते पंचवीस, म्हणजे शरीर ज्या वयात उशिरा झोप आणि उशिरा उठ म्हणतं, नेमकं तेच वय तालीम उचलते आणि चारला उठवते. नुसती शिस्त लावून हे जमत नाही. सगळा दिवसच त्या चारभोवती बांधलेला असतो. सकाळची लढत झाली की थंडाई, मग जेवण, मग दुपारची चांगली दोन-तीन तासांची झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत, जोर आणि बैठका. नऊ-साडेनवाला दिवे बंद. पैलवानाच्या दुपारच्या झोपेची बाहेरचे लोक चेष्टा करतात, पण ती झोप काढून घेतली तर पहाट उभीच राहणार नाही.

एका पहाटे मी पाहिलं ते सांगतो. एक पोरगा हौदाच्या कडेला लंगोट कसून उभा होता, जोड मिळायची वाट बघत. वस्ताद त्याच्याकडं नुसतं बघत होते.

"रात्री कवा झोपलास?"

"नवालाच की, वस्ताद."

"मग डोळं का असं? मोबाईल बघत पडला हुतास न्हवं?"

पोरगा गप्प.

"आज लढत न्हाई तुला. फावडं घे, माती वढ."

पोराचा चेहरा पडला. पण वस्तादांनी त्याला शिक्षा केली असं मला वाटलं नाही. कमी झोपलेला गडी हौदात उतरला तर एखाद्या क्षणानं मागं पडतो, आणि डाव पडताना तो एक क्षण त्याच्या मानेला महाग पडू शकतो. कदाचित समोरच्याच्याही. चारला उठणं आणि चारला जागं असणं यातला फरक वस्तादांना कुठलीही प्रश्नावली न भरून घेता कळत होता.

खरी बाजी लागते ती संध्याकाळी. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून तिथली रीत तीच. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात, ऊन उतरता उतरता मोठ्या जोडी, आणि दिवस कलल्यावर शेवटची, जिच्यासाठी लोक आलेले असतात ती. कित्येक महिन्यांच्या पहाटा त्या काही मिनिटांत पणाला लागतात. शिकागोच्या तक्त्यात या गड्याला कुठं बसवायचं? झोपेच्या रकान्यात तो पहाटेचा आणि जोखमीच्या रकान्यात रात्रीचा.

पैलवान खाशाबा जाधवांचं उदाहरण मला यात पुन्हा पुन्हा आठवतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पोरगा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. पुढच्या, हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत कोल्हापुरात घरोघरी सांगतात. प्रौढ, शिकलेला, प्रतिष्ठित माणूस. पोरगा हरून आला असता तर घर गेलं असतं आणि लोक हसले असते ते वेगळं. खर्डेकर किती वाजता उठत होते हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. त्यांनी त्या पोराला कॉलेजात रोज पाहिलेलं होतं. छापा-काट्याच्या प्रश्नात हे पाहिलेलं असणं धरायला जागाच नसते, आणि आपण आयुष्यात घेतलेल्या मोठ्या जोखमी बहुतेक अशाच, कुणाला तरी नीट पाहून घेतलेल्या असतात.

खुद्द हेलसिंकीत, १९५२ साली, दुसरी गोष्ट घडली. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली, दमवणारी कुस्ती खाशाबा हरले आणि लगेच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं राहायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती. ती मागायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेलं शरीर घेऊन ते उतरले आणि हरले. कांस्यपदक मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. अर्धा तास मिळाला असता तर काय झालं असतं, यावर कोल्हापूरच्या कट्ट्यांवर आजही वाद होतात.

हा अर्धा तासच मला त्या सगळ्या संशोधनापेक्षा मोठा वाटतो, कारण विश्रांती मिळाली की नाही यावर तोच माणूस वेगळा वागतो. सिंगापूरमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये माणसांना एक रात्र जागवून त्यांच्यापुढं पैशाचे डाव ठेवले. झोप झालेली असताना जी माणसं तोटा कसा टळेल ते बघत होती, तीच जागरणानंतर फायदा किती मिळेल तिकडं झुकली. माणसं तीच होती, मध्ये एक रात्र गेली होती. २०१४ चा दुसरा एक प्रयोग तर याहून बोलका आहे. फासा टाकायचा, पडलेला आकडा आपणच सांगायचा, आकड्यावर पैसे. कुणाला सकाळी बोलावलं, कुणाला मध्यरात्री. पहाटेच्या माणसांनी रात्री जास्त लबाडी केली आणि रात्रीच्या माणसांनी सकाळी. लवकर उठणारा सज्जन, हे आपलं लाडकं मत तिथं पार आडवं झालं. तोच सज्जन रात्री बाराला बसवला की आकडा फुगवून सांगतो.

आणि आता रात्री बाराला बसायची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. शेअर बाजार सकाळी सव्वानवाला उघडतो आणि साडेतीनला मिटतो. जुन्या माणसांना यात काही अर्थ वाटत होता. पण रात्री उशिरापर्यंत सोन्या-चांदीचे सौदे चालतात, त्यापुढं अमेरिकेचा बाजार, त्यापुढं क्रिप्टो, ज्याला बंद व्हायची वेळच नाही. राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत दिवसभर सायटवर उन्हात उभा राहिलेला पोरगा रात्री एकला पांघरुणात पडून अंगठ्यानं महिन्याचा पगार लावतो. आपण धाडसी आहोत असं त्याला वाटत असतं. नाद खुळा! पण तिथं वस्ताद नसतो, डोळे बघून फावडं हातात देणारा.

इतिहासातली रात्र पुढं करून कुणी मला अडवेल. पन्हाळा काही लांब नाही. सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज निघाले ते १६६० च्या जुलैत, भर पावसात, रात्रीच. तेरा वर्षांनी कोंडाजी फर्जंदनं तोच गड परत घेतला तोही रात्री, अवघी साठ माणसं घेऊन. पण यात रात्रीच्या माणसांचा उतावळेपणा कुठं दिसतो? वेढा मार्चपासून बसलेला. शरण येत असल्याचा निरोप आधी पाठवला, त्यानं पहारे ढिले पडले. दुसरी पालखी तयार केली, तिच्यात महाराजांच्या जागी शिवा काशीद बसला, आणि तो काय पत्करतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. विशाळगडाची वाट माहीत असलेली माणसं जोडली. ठरवणं सगळं शांत डोक्यानं, दिवसचे दिवस घेऊन झालेलं होतं. रात्र निवडली ती शत्रूची झोप पाहून.

झोप आणि पहारा यांचं नातं माणसाइतकंच जुनं असावं. टांझानियातल्या हाड्झा लोकांवर, जे अजून शिकार आणि कंदमुळांवर जगतात, २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३३ माणसांच्या मनगटांवर झोप मोजणारी यंत्रं बांधली, २० दिवस. या सगळ्या काळात ३३ च्या ३३ माणसं एकाच वेळी गाढ झोपलेली सापडली ती मोजून १८ मिनिटं. बाकी सगळा वेळ कुणी ना कुणी जागंच. म्हातारी माणसं पहाटेच उठलेली, पोरं उशिरापर्यंत शेकोटीशी. पहारा कुणी नेमलेला नव्हता, तो आपोआप भरत होता. एका टोळीत दोन्ही जातीची माणसं का टिकून राहिली, याचं यापेक्षा पटणारं कारण मी वाचलेलं नाही. आपल्या घरातला रात्री दोनला फ्रीज उघडणारा नातू आणि चारला उठून खोकणारे आजोबा, दोघांमध्ये घर फार थोडा वेळ बिनपहाऱ्याचं राहतं.

इतकं सगळं झालं ते ज्यांना आपली वेळ आहे त्यांचं. मला वाटतं, या विषयातला खरा पेच पुढंच आहे, आणि विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत तो सापडणार नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत रात्री भट्ट्या पेटतात. रात्रीच्या विजेला सवलत मिळायची, तेव्हापासून लोखंड वितळवायचं काम रात्रपाळीला आलं. चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस तीन वाजता साच्यात ओतणारा कामगार रात्रीचा माणूस आहे की पहाटेचा, हे कुणी त्याला नोकरी देताना विचारत नाही. वेगवेगळ्या ठिकाणची आकडेवारी एकत्र करून ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की सकाळच्या पाळीच्या मानानं रात्रपाळीत अपघाताचा धोका तीस टक्क्यांच्या आसपास जास्त असतो. जोखीम घेणं वेगळं आणि ती अंगावर येऊन पडणं वेगळं. दोन्हींना एकच माप लावलं की रात्रपाळीचा कामगारही धाडसी ठरतो, आणि मग त्याच्या हातमोज्यांचा प्रश्न कुणी काढत नाही.

गुऱ्हाळावर हे आणखी स्पष्ट दिसतं. हंगामात पहिलं आधण मध्यरात्रीनंतरच चढतं. जाळव्या चुलाणात चिपाड लोटत असतो आणि काहिलीतला रस फेसाळत वर येत असतो. भेंडीचं पाणी घालून मळी काढून झालेली असते. मग तासाभरानं रस घट्ट व्हायला लागतो, बुडबुड्यांचा आकार बदलतो आणि गुळव्या काहिलीच्या काठावर येऊन उभा राहतो. तिथून पुढं सगळं त्याचं. तो काठीनं थेंबभर पाक उचलतो, पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळवून बघतो. गोळी वळली नाही तर काहील उतरवायची नाही. थोडं जास्त झालं तर गूळ काळा पडला, कमी राहिलं तर ढेप बसली नाही, पाघळली. एवढ्या मोठ्या काहिलीचा निवाडा मिनिटभरात, तोही अंधारात, धुरात, रात्रभर जागलेल्या डोळ्यांनी. सिंगापूरच्या प्रयोगात जागरण एका रात्रीचं होतं. गुळव्याचं हंगामभर चालतं. तरी त्याचा हात सहसा चुकत नाही, कारण हा निवाडा त्यानं वर्षानुवर्षं त्याच वेळेला केलेला असतो.

चुकला तर मात्र त्याचं नुकसान शेतकऱ्याच्या पदरात पडतं. गूळ त्याचा, ऊस त्याचा, कर्जही त्याचंच. गुळव्याला ठरलेली मजुरी. ढेपा मार्केट यार्डात जातात, तिथं सकाळी रीतसर सौदे निघतात. अडत्यांच्या गाळ्यांत रवे मांडलेले असतात, व्यापारी अंघोळ करून, नाष्टा करून, एखादं वर्तमानपत्र चाळून आलेला असतो. तो ढेपेचा एक कपचा काढतो, रंग बघतो, जिभेवर टाकतो आणि दर बोलतो. झोप पुरी झालेला त्या साखळीतला तो पहिलाच माणूस, आणि भाव त्याच्या तोंडून निघतो. गाळ्याच्या कोपऱ्यात शेतकरी भिंतीला पाठ टेकून बसलेला असतो. तोही रात्री दोनपासून गुऱ्हाळावरच होता. दर कानावर पडला की त्यानं हो म्हणायचं की आणखी दोन दिवस माल ठेवायचा, हे तिथल्या तिथं ठरवायचं असतं. तो बऱ्याचदा हो म्हणतो.